पूर्ण एक मिनिट

सोमवार, ३ नोव्हेंबर

नोकरी लागली! नुसती लागली नाही, आज रुजूसुद्धा झाले. नवी वही, नवी खोली, नवे बूट. बुटांनी डाव्या टाचेला फोड आणलाय, पण आज कशाबद्दलच तक्रार करायची नाही असं ठरवलंय.

याआधी चार ठिकाणी मुलाखती दिल्या आणि चारही ठिकाणी एकच प्रश्न आला, अनुभव किती? नोकरीशिवाय अनुभव येत नाही आणि अनुभवाशिवाय नोकरी मिळत नाही, हे कोडं कॉलेजात कुणी सोडवून दाखवलं नव्हतं. इथल्या मेट्रनबाईंनी अनुभवाचं विचारलंच नाही. सलग किती तास उभी राहू शकशील, एवढंच विचारलं. मी म्हटलं, तुम्ही सांगाल तितके. त्या हसल्या नाहीत, पण सही केली. तीन महिने उमेदवारी. एकही तक्रार आली नाही तर कायम, एक जरी आली तरी बॅग भरायची.

नर्सेसचं हॉस्टेल रुग्णालयाच्या मागेच आहे. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर. दोन खाटा, दोन कपाटं, एक आरसा, आणि खिडकीतून धुलाईघराची गच्ची दिसते, तिथे शंभरेक चादरी वाळत असतात. दुसऱ्या खाटेवर कुणीतरी येणार आहे म्हणे, लवकरच. तिच्यासाठी मी खिडकीकडचं कपाट सोडून ठेवलंय. एवढा मोठेपणा मी सख्ख्या बहिणीला कधी दाखवला नाही.

निघताना बाबांनी घड्याळ दिलं. नर्सचं, छातीवर पिनेने लावायचं, उलटं लटकणारं. मान खाली घातली की आपल्याला सुलटं दिसतं. सेकंदकाटा लाल आहे. तो मध्येच अडकत नाही ना, हे त्यांनी दुकानदाराला तीनदा विचारलं म्हणे. आई रडली. धाकटी मात्र माझ्या खोलीवर तिचा ताबा आला म्हणून खुशीत होती. घरी मला सगळे टकळी म्हणतात, कारण माझी अखंड चालू असते. इथे अजून ऐकणारं कुणी सापडलेलं नाही, म्हणून ही वही.


बुधवार, ५ नोव्हेंबर

माझा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर. दहा खाटा. इथली माणसं बरी होत नाहीत आणि घरीही जात नाहीत. मला दुपारची ड्यूटी, दोन ते नऊ. दोन, चार, सहा, आठ या वेळांना राऊंड. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब, आणि खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या चार्टवर त्याची नोंद.

वॉर्डच्या थोरल्या सिस्टरना इथे सव्वीस वर्षं झाली. त्या चालत नाहीत, घसरतात, इतका त्यांच्या चपलांचा आवाज कमी. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की चार्टवर रिकामी चौकट दिसता कामा नये. मेट्रनबाई पेशंटकडे बघत नाहीत, चौकटीकडे बघतात. साफसफाई आणि चादरी बघणाऱ्या मावशी सगळ्यांना नंबरांनी हाक मारतात. दोन नंबर उठला, नऊ नंबर ओकला. मला नंबर नाही, म्हणून मी "नवी".

नाडी कशी मोजायची हे थोरल्या सिस्टरनी नव्याने शिकवलं. पंधरा सेकंद मोजायचे आणि चारने गुणायचं. पुस्तकात हे चालतं, पण नाडी नियमित असेल तरच. त्या म्हणाल्या, इथे सगळं नियमितच असतं बाळा.

सहा नंबरच्या खाटेवर एक आजी आहेत. अडतीस वर्षं नर्स होत्या. मी पंधरा सेकंदांनी मनगट सोडलं, तर त्यांनी माझं बोट पकडलं. अंगात ताकद नाही, पण पकड नर्सची. म्हणाल्या, उरलेलं पाऊण मिनिट कुठे गेलं? मला हसू आलं आणि लाजही वाटली. परत मनगट धरलं आणि लाल काट्याचा पूर्ण एक फेरा होईपर्यंत धरून ठेवलं. बहात्तर. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मग म्हणाल्या की आकडा पंधरा सेकंदांतही तोच येतो, ते त्यांना ठाऊक आहे. पण पेशंटचा हात दिवसभरात एरवी कुणी धरत नाही.


रविवार, ९ नोव्हेंबर

सुट्टी. कपडे धुतले, झोपले, उठले, परत झोपले. संध्याकाळी घरी फोन. आई, बाबा, धाकटी, सगळ्यांना मी एकट्या आजींच्याच गोष्टी सांगितल्या. धाकटी म्हणाली, तिकडे तुला आजी सापडली म्हणजे आमचा पत्ता कट.

फोन ठेवल्यावर खोली फार शांत झाली. दुसऱ्या खाटेवरची गादी अजून प्लॅस्टिकमध्येच आहे. आज सहज मनात आलं की आठवडाभरात मी दीडशेएक मनगटं धरली असतील, आणि मला कुणी हात लावलेला नाही. आजींनी बोट पकडलं आणि मेसवाल्या काकूंनी सुटे पैसे हातावर ठेवले, तेवढंच.

आजींचं सांगायचं राहिलं. त्यांना एकच मुलगी, दूर राहते, दर शुक्रवारी संध्याकाळी सातला येते. काल चारच्या राऊंडला आजी म्हणाल्या की मरणाची त्यांना भीती नाही, मरणं त्यांनी पोत्याने बघितलीत. भीती आहे ती एकटीने जायची. ड्यूटीवर असताना त्यांनी कुणालाच एकटं जाऊ दिलं नाही. हात धरून बसायच्या, नाडी संपेपर्यंत. मग म्हणाल्या, "तेव्हा तू असलीस तर धरशील ना? संपेपर्यंत सोडू नकोस." मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.


शनिवार, १५ नोव्हेंबर

नव्याचे नऊ दिवस संपले. दहा खाटा आणि मी एकटी. दुसरी नर्स लग्नाच्या रजेवर, थोरल्या सिस्टर अर्धा वेळ खालच्या मजल्यावर. प्रत्येकाला पूर्ण मिनिट दिलं तर चारचा राऊंड संपेपर्यंत सहाचा येतो. काल आठची औषधं साडेआठला गेली आणि थोरल्या सिस्टर फक्त "हं" म्हणाल्या. त्या "हं"ने रात्रभर झोप नाही.

तेव्हा पंधरा सेकंद. आजींचंही. त्यांनी माझ्या छातीवरच्या घड्याळाकडे तेवढं बघितलं आणि हात आपणच पांघरुणात घेतला. आज मीच त्यांच्याकडे बघायचं टाळलं.


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते, नाहीतर झोप यायची नाही.

दोनच्या राऊंडला आजींची नाडी पंधरा सेकंद मोजली. अठरा, म्हणजे बहात्तर. हात जरा गार वाटला. त्यांनी माझं बोट धरायचा प्रयत्न केला, मी म्हटलं, येते हं आजी परत, आणि सोडवून घेतलं. तीनच्या सुमारास दोन नंबरचे आजोबा खाटेवरून पडले. कपाळ फुटलं, रक्तच रक्त. टाके घालायला डॉक्टर आले, मी धरून उभी. तेवढ्यात नऊ नंबरला उलट्या. मावशी आणि मी दोघीच.

चार वाजून गेले. मी सगळे चार्ट काढून टेबलावर आणले आणि बसल्या जागेवरून भरले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. बाकीच्यांकडे निदान धावत जाऊन आले होते. आजींकडे नुसतं बघितलं. खिडकीकडे तोंड करून झोपल्या होत्या. लिहिलं, नाडी ७२, श्वास १८, बदल नाही.

सहालाही तेच लिहिलं. नाडी ७२, श्वास १८, बदल नाही.

पावणेसातला सहज पांघरूण सारखं करायला गेले. हात दगडासारखा गार. जबडा ताठ झाला होता. जबडा ताठायला किती तास लागतात, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेत.

डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं कधी पाहिलंस? मी म्हटलं, आत्ताच, माझ्यासमोर गेल्या. त्यांनी हनुवटीला हात लावला, तोंड मिटायला बघितलं, ते मिटेना. मग त्यांनी चार्टकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हात धुतले आणि वेळ लिहिली, सहा वाजून पंचेचाळीस मिनिटं.

सातला लेक आली. आईसाठी लोकरीचे मोजे आणले होते. रडणं ओसरल्यावर तिने एवढंच विचारलं की कुणी हात धरला होता का. तिथेच सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "हो, मी धरला होता. शेवटपर्यंत."

तिने माझा हात आपल्या गालाशी धरून ठेवला. या गावात आल्यापासून मला कुणी असा हात लावला तो हाच, आणि तो मी खोटं बोलून मिळवला.


सोमवार, २४ नोव्हेंबर

दोन दिवस जेवण जात नव्हतं. काल आईचा फोन आला. सगळं ठीक ना? मी म्हटलं, ठीक. तिने पुढे धाकटीच्या परीक्षेचं सांगायला घेतलं. मला वाटलं होतं, ती माझा आवाज ओळखेल.

आज ड्यूटी. सहा नंबरची खाट रिकामी, गादी उन्हात टाकलेली. मी ठरवलंय, आता प्रत्येकाला पूर्ण मिनिट. उशीर झाला तर झाला. थोरल्या सिस्टरनी दोनदा "हं" केलं.

एक चमत्कारिक गोष्ट. सहाव्या खाटेच्या पायथ्याशी कोरा चार्ट अडकवलेला होता. मावशी म्हणाल्या, पुढच्या पेशंटसाठी त्यांनीच लावलाय. रात्री नऊला निघताना बघितलं तर त्यावर नोंदी. दोन वाजता, चार वाजता, सहा वाजता, आठ वाजता. नाडी ७२. बदल नाही. अक्षर माझंच. माझा सात मला ओळखता येतो, त्याची शेपटी लांब असते.

थकव्यात हात आपोआप चालतो, तसं झालं असेल. घरी धाकटी झोपेत पाढे म्हणायची.


बुधवार, २६ नोव्हेंबर

काल चार्ट फाडून टाकला. आज दुसरा होता. परत माझ्या अक्षरात भरलेला. आज मी पेन मावशींकडे ठेवायला दिलं होतं आणि लागेल तेव्हा मागून घेत होते. सहाव्या खाटेपाशी मी एकदाही गेले नाही, मावशी साक्षीला आहेत.

चार वाजता तीन नंबरच्या बाईंना इंजेक्शन देत होते, भर उजेडात. डाव्या मनगटावर तीन बोटं टेकली. अंगठ्याच्या खाली, जिथे नाडी लागते बरोबर तिथे. हलकीच, पण अंदाजाने नाही, सरावाने टेकलेली. मी सुई खाली ठेवली. शेजारी कुणी नव्हतं. घड्याळाकडे बघितलं. लाल काट्याचा पूर्ण फेरा झाला आणि बोटं उचलली गेली.

खाई त्याला खवखवे, म्हणून हे भास होतायत. असंच असणार. पण एक गोष्ट लिहायला लाज वाटते, पहिल्या क्षणी मला बरं वाटलं होतं.


शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सहाव्या खाटेच्या चार्टवर आज नाडी ६४ आहे.

मी न्हाणीघरात दार लावून स्वतःची नाडी मोजली. पूर्ण मिनिट. चौसष्ट. परत मोजली. चौसष्ट.

मग समजलं. तो चार्ट आजींचा नाहीच, माझा आहे. मेलेल्या माणसाच्या नावावर मी दोनदा जिवंत नाडी लिहिली. जिवंत नाडी त्या खाटेवर नव्हती. वॉर्डात ती कुणाची होती? टेबलाशी बसून लिहिणारीची.

थोरल्या सिस्टरना चार्ट दाखवला. म्हटलं, हा मी लिहिलेला नाही. त्यांनी अक्षर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या की रिकाम्या खाटेचा चार्ट भरायची हौस असेल तर खोलीवर जाऊन वही भर. मग जरा मायेने म्हणाल्या, पहिला मृत्यू सगळ्यांनाच लागतो, होईल सवय. मनगटावर तीन गोल डाग आलेत, बोटाच्या पेराएवढे. ते दाखवायला बाही वर करीपर्यंत त्या घसरत निघूनही गेल्या होत्या.


सोमवार, १ डिसेंबर

सांगून टाकायचं ठरवलं. नोकरी गेली तर गेली, बॅग छोटीच आहे.

मेट्रनबाईंकडे गेले आणि चार ते पावणेसातचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. फाइल मागवली, उघडली, चार्टवरून बोट फिरवलं. म्हणाल्या की सगळ्या चौकटी भरलेल्या आहेत, डॉक्टरांची सही आहे, फाइल बंद झालेली आहे. असं प्रत्येकीचं एकदा होतं, दुसऱ्यांदा होऊ देऊ नकोस. आणि हो, माझ्याबद्दल एकही तक्रार नाही, कायम होशील, म्हणाल्या. मी तिथेच उभी राहिले. त्यांनी दुसरी फाइल उघडली.

म्हणून संध्याकाळी आजींच्या लेकीला फोन लावला. मला तोंड उघडायलाही मिळालं नाही. ती म्हणाली, बरं झालं फोन केलात, तुमचा आवाज ऐकायचाच होता. रात्री झोप येत नाही, मग ती एकच गोष्ट मनाशी म्हणते, आईचा हात धरलेला होता, आणि मग डोळा लागतो.

मी तरी काय सांगणार होते? म्हटलं, काळजी घ्या. फोन ठेवला. त्या वेळी सहा वाजले होते. बोटं टेकली. या खेपेला मिनिट संपल्यावरही लगेच उचलली नाहीत.

सत्तावन्न.


बुधवार, ३ डिसेंबर

आता फक्त वॉर्डात नाही. सकाळी दहाला मेसमध्ये. बाराला जिन्यात. दर दोन तासांनी, जाईन तिथे.

दोन नंबरच्या आजोबांची नाडी बघत होते, पूर्ण मिनिट. ते दचकले. म्हणाले, तुझे हात किती गार गं पोरी.

अठ्ठेचाळीस. मी चालते, बोलते, जिने चढते. चढताना मध्ये बसावं लागतं. थर्मामीटर काखेत पाच मिनिटं ठेवला, पारा चढेना. तो बिघडलाय म्हणून दुसरा घेतला. तोही बिघडलाय.


शुक्रवार, ५ डिसेंबर

जिन्यात पडले. मावशींनी उचललं आणि डॉक्टरांकडे नेलं. तेच डॉक्टर.

त्यांनी मनगट धरलं. मला इतकं हायसं वाटलं की रडू आलं. जिवंत माणसाचा गरम हात! आता यांना कळेल, मनात म्हटलं. त्यांचा फोन वाजला. फोन खांद्याशी धरून ते बोलत राहिले. पंधरा सेकंदही झाले नसतील. हात सोडला आणि कागदावर लिहिलं.

नाडी ७२.

मी म्हटलं, डॉक्टर, परत बघा, पूर्ण मिनिट बघा. ते म्हणाले, दगदग झालीये, चार दिवस झोप काढ. चांगल्या आवाजात म्हणाले. वाईट माणूस नाही तो. मीही नव्हते.

चाळीस.


रविवार, ७ डिसेंबर

हॉस्टेलवर. रजा.

दुसऱ्या खाटेवरचं प्लॅस्टिक दुपारी दोनला वाजलं. कुणी बसल्यावर वाजतं तसं. गादीत खळगा पडलाय. मग बोटं टेकली.

भीतीने पाचावर धारण बसायला हवी. बसतेच. पण पावणेदोनपासून मी घड्याळाकडे बघत होते, हेही खरं आहे. वाट बघत होते.

आईचा फोन आला. मी सांगायला सुरुवात केली, आई, माझी नाडी— ती म्हणाली, आवाज तुटतोय गं, सगळं ठीक ना, जेवतेस ना? ती उत्तरासाठी थांबलीच नाही. ती म्हणाली, बरं बरं, ठीक आहे ना, ठेवते.

टकळी बंद पडली तरी कुणाला कळलं नाही.


मंगळवार, ९ डिसेंबर

आजी, मला माफ करा. मोठ्याने म्हटलं. चारला म्हटलं, सहाला म्हटलं. त्या रागावलेल्या नाहीत. बोटांवरून कळतं. रागावलेला माणूस इतका वेळ हात धरत नाही.

एकतीस.

पत्र लिहिलं लेकीला, खरं काय ते. पाकिटात घातलं. खाली टपालपेटीपर्यंत जायला तीन जिने आहेत. दारापर्यंत गेले. मग आठवलं, ती कशावर झोपते ते— पाकीट उशीखाली आहे.


गुरुवार, ११ डिसेंबर

घड्याळ नीट चालतं. खोलीत नीट चालतं. बोटं टेकली की सेकंदकाटा हळू— बाबा, तुम्ही तीनदा विचारलं होतंत—

बावीस. की एकवीस.

गाद्यांमधली फट कमी झालीये. खाट मी सरकवलेली नाही.


शुक्रवार, १२ डिसेंबर

दोनला अठरा. चारला अकरा. आकडे नीट येत नाहीत, पेन घसरतं.

पाच वाजता दार वाजलं. थोरल्या सिस्टर. मी आत आहे, या ना, म्हणायचं होतं. ओठ हलले, आवाज नाही. बाहेरून त्यांनी विचारलं, ठीक आहेस ना? मग आपणच म्हणाल्या, झोपलीये, झोपू दे. चपला घसरत गेल्या. कुठल्याशा कागदावर लिहितील. बदल नाही.

दार उघडंच होतं. ढकललं असतं तर—

सहा. प्लॅस्टिक वाजलं. बोटं— नाही, आज तीन बोटं नाहीत. पूर्ण हात. हातात हात. डाव्या हातात. उजव्याने लिहितेय—

म्हटलं, आजी, मी तेव्हा नव्हते. त्या म्हणाल्या की ठाऊक आहे. मी विचारलं, मग आता सोडाल? म्हणाल्या, नाही बाळा, मी अजून कुणाला एकटं— संपेपर्यंत धरायचं असतं—

घड्याळ उलटं लटकतंय. मान खाली घातली की सुलटं दिसतं. लाल काटा बारावर. मोजू या, म्हणाल्या. पूर्ण मिनिट.

एक —

दोन —

किती गरम आहे हा हात. की माझाच आता—

तीन —

काटा अजून निम्म्यावर—

चा